फडताळ, चपडी आणि रंगाचे दोन हात

उज्जैनच्या माधवनगरात जुन्या मराठी घरी गेलो की चहा होईपर्यंत मी स्वयंपाकघरातले फडताळ बघून घेतो. भिंतीत बसवलेली सागवानी चौकट, दोन झडपा, पितळी कडी आणि या सगळ्यावर आधी शेगडीचा, मग स्टोव्हचा धूर. मूळचे लाकूड कोणते, हे नखाने खरवडल्याशिवाय कळत नाही. घरातल्या सुना म्हणतात, 'हे काढून टाका, मॉड्युलर करू.' माझा त्याला साफ विरोध आहे. असे लाकूड आज विकत घ्यायला गेलात तर भाव ऐकूनच परत याल.

इतिहास थोडक्यात सांगतो. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला बस्तान बसवले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभारले, १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली. बरीच मराठी घराणी मात्र इथेच रुजली, आणि त्यांच्याबरोबर फडताळही.

आता कामाचे. फडताळावरचा काळा थर म्हणजे नुसती काजळी नव्हे. फोडणीचे तेल वर्षानुवर्षे हवेत सुकून त्याचा राळेसारखा पापुद्रा होतो. तो साबणाला दाद देत नाही, धुण्याच्या सोड्याला देतो. कोमट पाण्यात सोडा कालवून फडक्याने चोळायचे आणि लगेच स्वच्छ पाण्याने पुसायचे, कारण सोडा रेंगाळला तर सागवान आणखी काळे पडते. चांगले वाळले की पॉलिश पेपर, आधी १२० नंबरचा, मग २२० चा, नेहमी रेषेच्या दिशेने. जुना रंग असेल तर पेपर ओला करूनच घासा आणि मुलांना लांब ठेवा. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या रंगाचा भरवसा धरू नये.

इथून पुढे माझा जीव रमतो. लोक घासतात आणि थेट पांढरा रंग मारतात. महिनाभरात त्यातून पिवळे-तपकिरी डाग वर येतात. शिवाय सागवानात अंगचीच अशी द्रव्ये असतात की ऑइल पेंट नीट सुकत नाही, दिवसेंदिवस बोटाला चिकटतो. यावरचा उपाय जुन्या रंगाऱ्यांना पाठ होता, तो म्हणजे चपडी. फ्रीगंजातल्या एका म्हाताऱ्या रंगाऱ्याला मी ती भिजवताना पाहिले आहे. काचेच्या बरणीत नारिंगी पापुद्रे, वर स्पिरिट, रात्रभर अधूनमधून हलवणे, सकाळी मलमलीतून गाळणे. एक लिटर स्पिरिटला दोनशे ते अडीचशे ग्रॅम चपडी पुरते. ब्रश एकदाच ओढायचा, परत फिरवायचा नाही; थर बघता बघता सुकतो आणि लाकडातला डाग आतच कोंडून राहतो.

ही चपडी येते पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या लाखेच्या किड्यापासून. फांदीवरची लाख खरवडायची, धुवायची, कापडी पिशवीत घालून आगीसमोर वितळवायची आणि गरम असतानाच ताणून तिचा पातळ तक्ता करायचा. तो फोडला की चपडी. बालगंधर्वांची पदे घरोघरी पोचवणाऱ्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या याच लाखेच्या होत्या! औषधाच्या गोळ्यांवर आजही तिचा मुलामा असतो. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन चालू आहे. एवढी गुणाची वस्तू आपल्याच जंगलात पिकते आणि आपण दुकानात परदेशी नावाचा डबा मागतो, याचे मला वाईट वाटते.

चपडीला दोन गोष्टी सोसत नाहीत, दमट हवा आणि उष्णता. पावसाळ्यात लावली तर ती पांढुरकी पडते. म्हणून माळव्यात दसरा उलटल्यावर, हवा कोरडी झाली की काम काढावे. गरम पातेल्याने तिच्यावर वळ उठतो, म्हणून ती वरचा थर म्हणून नको. तिच्यावर हलका पेपर, मग प्राइमर, खाचांत लांबी आणि रंगाचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र सोडून. कडी-कोयंडे आणि बिजागऱ्या आधीच उतरवून ठेवा. रंग निवडताना शुभ्र पांढरा टाळा. तेलाचा पांढरा बंद जागेत पिवळा पडतोच. त्यापेक्षा साईचा किंवा फिका पिस्ता खुलतो. माझ्या मते फक्त झडपा रंगवाव्यात, चौकट उघडी राहू द्यावी.

फडताळ शिसवी असेल तर रंगाचा डबा उघडूच नका. ते काळेच शोभते. स्वच्छ करून जवसाच्या उकळलेल्या तेलाचा एक पातळ हात द्या. तेलाचे फडके मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकते. पाण्यात बुडवूनच फेका.