मागच्या काचेवर पाणी येईना? पंप बदलण्याआधी नळी तपासा

पावसाळ्यात नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातूरला पोहोचलेल्या गाडीची मागची काच पाहावी. पुढची काच वायपरने स्वच्छ ठेवलेली असते, पण मागच्या काचेवर काळ्या मातीचा चिखल असा लेपलेला असतो की मागून येणारा ट्रकही धड दिसत नाही. ज्या गाड्यांची पाठ उभी कापल्यासारखी असते, त्यांच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडवलेली धूळ व चिखल तो काचेवर आणून टाकतो. म्हणून हॅचबॅक आणि जीपसारख्या उंच गाड्यांना मागेही वायपर व पाण्याचा फवारा दिलेला असतो. कोरड्या चिखलावर नुसता वायपर फिरला तर काचेवर कायमचे ओरखडे पडतात. तेव्हा फवारा ही चैनीची वस्तू नव्हे.

हा फवारा बंद पडला की गाडी गॅरेजमध्ये येते. काम किरकोळ, म्हणून ते बहुधा शागीर्दाच्या हाती सोपवले जाते. ‘पंप गेला’ असा निकाल लागतो, नवा पंप बसतो आणि पाणी तरीही येत नाही. गिऱ्हाइकाचा पैसा गेला, आपला वेळ गेला आणि दुकानावरचा भरवसा गेला. पुढच्या वेळी तो माणूस कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा रस्ता धरतो. आमचे सांगणे एवढेच की, या बिघाडात पंप हा शेवटचा संशयित आहे. आधी पाण्याच्या वाटेचा तपास करावा.

पाणी कसे जाते?

काही गाड्यांत पुढच्या व मागच्या काचेसाठी वेगवेगळे पंप असतात. पुष्कळ गाड्यांत मात्र बॉनेटखाली एकच टाकी व एकच पंप असतो. या पंपाला पाणी बाहेर पडण्याची दोन तोंडे असतात. मोटर एका दिशेने फिरली की पाणी पुढच्या काचेला जाते, उलट फिरली की मागच्या काचेला. आतला रबरी पडदा पाणी कोणत्या तोंडातून सोडायचे ते ठरवतो. तेथून मागची नळी गाडीच्या आतून मागे जाते, डिकीच्या दरवाजाच्या बिजागरीजवळ रबरी कव्हरातून दरवाजात शिरते आणि नोझलपर्यंत पोहोचते. एवढ्या लांबच्या वाटेत मधे एखादा झडपेचा सांधाही असतो. नळीतले पाणी परत टाकीकडे उतरू नये, हे त्याचे काम. ही झडप ढिली झाली तर पाणी येते, पण खटका दाबल्यावर बराच वेळ वाट पाहावी लागते.

पहिली परीक्षा कानाची

प्रथम टाकीत पाणी आहे का, ते डोळ्यांनी पाहावे. मग इंजिन बंद ठेवून चावी चालू करावी. एकाने मागच्या वॉशरचा खटका दाबावा, दुसऱ्याने टाकीजवळ कान द्यावा. मोटरचा ‘घुर्र’ असा आवाज आला तर वीज पोहोचली आहे आणि दोष पाण्याच्या वाटेत आहे. आवाजच आला नाही तर दोष विजेचा किंवा मोटरचा. या एका परीक्षेने निम्मे काम होते. मात्र खटका सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये. पंप कोरडा फिरला की तापतो व खरोखरच जळतो.

आवाज येतो, पाणी येत नाही

अशा वेळी सर्वांत आधी बिजागरीजवळचे रबरी कव्हर पाहावे. दरवाजा जितक्या वेळा उघडतो तितक्या वेळा नळी तेथे वाकते. उन्हाने कडक झालेली नळी त्याच जागी चिरते किंवा सांध्यातून निसटते. छताचे कापड ओले, डिकीतला गालिचा ओला, गाडीत कुबट वास, या खुणा दिसल्या तर पाणी काचेवर न येता गाडीत उतरते आहे असे समजावे. मागच्या वायपरच्या आणि इतर वायरीही बहुधा त्याच कव्हरातून जातात. त्यामुळे फवाऱ्याबरोबर डिकीतला एखादा दिवाही बंद पडला असेल, तर कव्हर उघडलेच पाहिजे.

चिरलेल्या नळीला टेप गुंडाळून भागत नाही. तेवढा तुकडा कापून त्याच मापाची मऊ नळी व चांगला सांधा घालावा. वाकण्याच्या जागी थोडी ढील ठेवावी. मग दरवाजा चार-पाच वेळा उघडझाप करून फवारा पुन्हा पाहावा.

नळी शाबूत असेल तर नोझलजवळ ती सोडून खटका दाबावा. नळीतून पाणी जोरात आले तर नोझल तुंबली आहे. पाणी आले नाही तर अडथळा मागे कोठेतरी आहे.

नळ्यांची अदलाबदल

एकच पंप दोन्ही काचांना पाणी देत असेल तर आणखी एक बिनखर्ची युक्ती आहे. पंपावरच्या दोन्ही नळ्या काढून एकमेकींच्या जागी लावाव्यात. पुढची काच ओली करून घ्यावी, म्हणजे वायपर फिरला तरी ओरखडा पडणार नाही. आता पुढच्या काचेचा खटका ओढावा. मागच्या काचेवर पाणी आले तर मागची नळी व नोझल मोकळी आहे. दोष पंपाच्या आतल्या पडद्यात किंवा मागच्या खटक्याच्या विजेत आहे. पाणी आले नाही तर मागच्या वाटेतच अडथळा वा गळती आहे आणि नवा पंप घालून काही उपयोग होणार नाही. तपास झाल्यावर नळ्या पूर्ववत लावण्यास विसरू नये. नाहीतर पुढचा खटका दाबल्यावर मागे पाणी येईल.

आवाजच येत नाही

फ्यूज तपासावा. मागचा वायपर चालतो म्हणून वॉशरचा फ्यूज चांगला असे धरू नये. काही गाड्यांत ते वेगवेगळे असतात. मग पंपाचे सॉकेट काढून टेस्टलॅम्प लावावा. येथे पुष्कळ कारागीर लॅम्पचे एक टोक बॉडीला लावतात आणि फसतात. दोन दिशांनी फिरणाऱ्या पंपाची अर्थही बहुधा खटक्यातूनच येते. म्हणून लॅम्पची दोन्ही टोके सॉकेटच्या दोन्ही पिनांना लावून खटका दाबावा. दिवा लागला आणि तरीही मोटर फिरत नाही, तर पंप खराब. दिवा लागला नाही तर दोष फ्यूज, वायर किंवा स्टीअरिंगखालच्या खटक्यात. पुढचा फवारा चालतो आणि पंप एकच आहे, तर मोटर जिवंत आहे हे उघड आहे. मग संशय मागच्या खटक्यावर.

आपल्या भागाचे पाणी

नोझल तुंबण्याचे मोठे कारण मराठवाड्यात पाणीच आहे. आपली जमीन काळ्या बसाल्ट खडकाची, आणि खोल बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ असतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. ज्या भागात पिण्याच्या पाण्याची ही गत, तेथे वॉशरच्या टाकीत बोअरचे वा टँकरचे मिळेल ते पाणी पडणार, हे ओघानेच आले. पाणी वाळते आणि क्षार नोझलच्या बारीक छिद्रात पांढरा थर करून बसतात. त्यात कोणी कपड्याचा साबण किरवून घातला तर जड पाण्यात त्याचा चिकट गाळ होतो. फवारा महिनोन्महिने वापरला नाही तर टाकीत शेवाळही धरते आणि पंपाच्या तोंडाची जाळी बुजते.

नोझल काढता येत असेल तर काढून रात्रभर सिरक्यात भिजवावी, मग साध्या पाण्याने धुवावी. संडास धुण्याचे अ‍ॅसिड वापरू नये. रंग व रबर खराब होते. सुई घालायचीच झाली तर अगदी बारीक व हलक्या हाताने, कारण छिद्र मोठे झाले की फवाऱ्याची धार बिघडते. काँप्रेसरची हवा मारताना नळी पंपापासून सोडलेली असावी. जोडलेल्या नळीत हवा मारली तर आतला एखादा सांधा निसटतो आणि एका कामाची दोन कामे होतात.

टाकी भरण्यासाठी वॉशरचे तयार द्रावण उत्तम. ते नसेल तर आरओचे किंवा बॅटरीचे शुद्ध पाणी चालते. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगणे हेही कारागिराचे काम आहे.

बिलाचा प्रश्न

शेवटी धंद्याची गोष्ट. वीतभर नळीचे दोष शोधायला कधी अर्धा तास, कधी एक तास लागतो. नळीची किंमत क्षुल्लक, म्हणून ‘मजुरी कशी मागावी’ या विचाराने काही जण पंप बदलून बिल मोठे करतात. हे चुकीचे आहे. तपासाचे ज्ञान ही आपली मजुरी आहे. ती आधी सांगावी आणि मोकळेपणाने घ्यावी. काढलेली नळी किंवा पंप गिऱ्हाइकाला दाखवावा, जमल्यास त्याच्याच हाती द्यावा. काय तपासले व काय बदलले ते बिलावर लिहावे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात सेवेतील त्रुटीबद्दल तक्रार करता येते आणि केलेल्या कामाचे बिल न देणे हा अनुचित व्यापारी व्यवहार मानला आहे. लहान गॅरेज म्हणून त्यातून कोणी सुटत नाही.

पण कायद्याच्या भीतीपेक्षाही मोठी गोष्ट अशी की, चावी आपल्या हाती देऊन निघून गेलेल्या माणसाची गाडी ही आपल्याजवळ अमानत असते. बॉनेटखाली आपण काय केले हे त्याला दिसत नाही. म्हणूनच चांगला पंप काढून ठेवण्याचा हक्क आपल्याला पोहोचत नाही.

मृगापूर्वी सर्व्हिसिंगला येणाऱ्या प्रत्येक गाडीचा मागचा फवारा एकदा दाबून पाहण्याची सवय शागीर्दांना लावावी. एक मिनिटाचे काम आहे. पुढच्या पावसात लातूरच्या रस्त्यावर असलेल्या गिऱ्हाइकाला त्याची आठवण राहील.