अजिनोमोटोची दुसरी ओळख

चायनीजच्या गाडीवर चिमटीने भुरभुरला जाणारा अजिनोमोटो आपल्या ओळखीचा आहे. त्याच नावाच्या जपानी कंपनीची एक पातळ फिल्म आपल्या लॅपटॉपच्या प्रोसेसरखाली बहुधा बसलेली असते, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. थोड्या प्रमाणात लागणारे, पण विशेष गुणांचे पदार्थ बनवणारे उद्योग प्रगत तंत्रज्ञानाच्या बाजारात पाय कसे रोवतात, हे समजून घेताना मला हे उदाहरण सर्वांत बोलके वाटले.

1908 साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने कोंबू या समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामिक आम्ल वेगळे केले. पुढच्याच वर्षी त्याचा क्षार चवीची पूड म्हणून बाजारात आला. अमिनो आम्लांवर हात बसल्यावर कंपनीने त्या विद्येचे इतर उपयोगही धुंडाळले. 1970च्या दशकात तिचे लक्ष इपॉक्सी रेझिनकडे, म्हणजे कडक होणाऱ्या कृत्रिम राळेकडे वळले.

या राळेचा चिपशी संबंध काय? चिपवरचे जोड अतिसूक्ष्म असतात, मदरबोर्डवरचे त्या मानाने अवाढव्य. दोघांची गाठ घालायला मध्ये एक बहुमजली पाया लागतो. त्याला सबस्ट्रेट म्हणतात. त्यात तांब्याच्या वाटांचे थर एकावर एक रचलेले असतात आणि दर दोन थरांमध्ये वीज अडवणारे आवरण असते. पूर्वी हे आवरण शाईसारख्या द्रवाचे असे. द्रव लावा, वाळवा, मग दुसऱ्या बाजूला लावा, यात वेळ जाई आणि कचरा अडकण्याची भीती राही. अजिनोमोटोने द्रवाऐवजी तयार फिल्म दिली. जाडी सर्वत्र सारखी, दोन्ही बाजूंना एकदम चिकटवता येणारी, लेझरने बारीक छिद्रे पाडता येणारी. 1996मध्ये या कामाला वेग आला आणि 1999मध्ये एका मोठ्या चिप उत्पादकाने ती स्वीकारली. आज उच्च क्षमतेच्या प्रोसेसरांच्या बाजारात या फिल्मचाच वरचष्मा आहे.

या यशामागे मला तीन कारणे दिसतात. पहिले, किंमत आणि जोखीम यांचे व्यस्त प्रमाण. प्रोसेसरच्या किमतीत फिल्मचा वाटा नगण्य. पण ती उकलली तर सगळा प्रोसेसर वाया. चार पैसे वाचवायला असा धोका कोण पत्करेल? दुसरे, चाचण्यांचा काळ. नवा पदार्थ कारखान्यात शिरण्याआधी दीर्घकाळ उष्णता, दमटपणा आणि ताण यांतून तावूनसुलाखून घेतात. एकदा तो पसंत पडला, की उत्पादनाची सगळी घडी त्याच्याभोवती बसते आणि ती मोडायला ग्राहकच नाखूश असतो. तिसरे, बाजाराचा आकार. तो एवढा छोटा, की बड्या रसायन कंपन्यांना त्यासाठी वर्षानुवर्षे झिजणे परवडत नाही.

म्हणजे इथे स्वस्ताई किंवा आकारमान जिंकत नाही. जुने ज्ञान आणि दरवेळी अगदी तसाच माल देण्याचा भरवसा जिंकतो.

याची दुसरी बाजूही आहे. एकाच्या हाती किल्ली, म्हणजे इतरांच्या दाराला कुलूप. जुलै 2019मध्ये जपानने दक्षिण कोरियाला जाणाऱ्या तीन पदार्थांवर निर्यातीचे कडक नियम लावले: फोटोरेझिस्ट, हायड्रोजन फ्लोराइड आणि फ्लोरिनयुक्त पॉलिइमाइड. जगाला मेमरी चिप पुरवणारा देश काही रसायनांपायी धास्तावला. पण त्यातूनच कोरियाने देशी पर्यायांवर पैसा ओतला. 2023मध्ये निर्बंध उठले, तोवर जपानी पुरवठादारांच्या ग्राहकांना दुसरे दार शोधण्याची सवय लागू लागली होती. भरवशावर उभा राहिलेला धंदा भरवसा ढळला की असा पोखरू लागतो.

आज धोलेऱ्यात आणि आसाममधील जागीरोडला चिप उद्योगाचे प्रकल्प उभे राहत आहेत. त्यांच्या भव्य इमारतींची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहतो. मला मात्र आत जाणाऱ्या ड्रमांवरची आणि रिळांवरची नावे वाचण्याची उत्सुकता आहे. इमारत काही वर्षांत बांधता येते. आतल्या पदार्थांची विद्या पिढ्यांनी साठवावी लागते. आपल्याकडे रंग, औषधे, सुगंधी द्रव्ये बनवणारे कितीतरी उद्योग आहेत. त्यांच्या रोजच्या रसायनात उद्याची एखादी फिल्म दडलेली असेलही. तिच्यासाठी दहा-वीस वर्षे थांबण्याची तयारी आहे का, हा खरा प्रश्न आहे.