घरच्या लाइनवर चालणारी वेल्डिंग मशीन घेताय? २०० अँपिअरच्या आकड्याला भुलू नका

ट्रॉलीचा फाळका निखळला, मोटारसायकलचा स्टँड तुटला किंवा पिकअपचा पत्रा सडला की तालुक्याच्या गावी हेलपाटा ठरलेला. त्यापेक्षा छोटी मशीन घरीच घ्यावी, असं अनेकांच्या मनात येतं. दुकानात खोक्यावर मोठ्या अक्षरात '२०० अँपिअर' लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक तिथंच गार होतं. पण घरच्या सिंगल फेजवर हा आकडा सहसा वापरताच येत नाही.

काडीवरचा अँपिअर वेगळा आणि लाइनमधून ओढला जाणारा वेगळा. मशीन २३० व्होल्टचे वीस-पंचवीस व्होल्ट करते, म्हणून काडीला जास्त अँपिअर मिळतो. १२ नंबरची, म्हणजे अडीच मिलिमीटरची काडी ८० अँपिअरवर चालवली तर साधी इन्व्हर्टर मशीन लाइनमधून साधारण १४-१५ अँपिअर ओढते. १० नंबरची काडी ११० वर लावली की भार वीसच्या पुढं जातो. घरातलं मोठं सॉकेट असतं १६ अँपिअरचं. मग एकतर एमसीबी पडते, नाहीतर बोर्ड वितळतो. त्यात संध्याकाळी व्होल्टेज १८० वर उतरलं तर तेवढ्याच कामाला इन्व्हर्टर मशीन उलट जास्त करंट ओढते. म्हणून मशीनच्या पाटीवर ती किती कमी व्होल्टेजला चालते ते आधी वाचावं. '६० टक्के ड्यूटी सायकल' असंही तिथं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ, त्या अँपिअरवर दहा मिनिटांत सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती.

जुनी तांब्याच्या वाइंडिंगची ट्रान्सफॉर्मर मशीन दणकट खरी, पण वजनाला भारी आणि लाइनवर जास्त जड. घरच्या मीटरवर इन्व्हर्टरच बरी.

आता खरा प्रश्न. जोडायचं काय? ट्रॉलीचा अँगल, फाळक्याची बिजागरी, नांगराची पट्टी हे तीन मिलिमीटरच्या वरचं काम असेल तर काडीची मशीन पुरते. गाडीच्या बॉडीचं मात्र तसं नाही. तिथला पत्रा जेमतेम पाऊण ते एक मिलिमीटर. काडी टेकली की भोक पडतं, भोक बुजवायला गेलं की ते आणखी मोठं होतं. त्या कामाला वायर आपोआप पुढं सरकणारी मिग मशीनच पाहिजे. ०.८ मिलिमीटरची वायर आणि गॅसची टाकी लावली की पातळ पत्र्यावर काम साफ येतं. बिनगॅसची वायरही मिळते. वाऱ्यात, शेतात ती सोयीची, पण ठिणग्या जास्त उडतात आणि पत्रा जास्त तापतो. ती वापरताना टॉर्च निगेटिव्हला लागतो, गॅसवाल्या साध्या वायरीला पॉझिटिव्हला. ही अदलाबदल मशीनमध्ये होते का, ते दुकानातच उघडून बघावं. पत्र्यावर सलग ओढायचं नाही, लांब लांब टाके मारत जायचं, नाहीतर दरवाजा पापडासारखा वाकतो.

काडी आणि मिग दोन्ही चालणाऱ्या मशीनही आहेत. पैसे जमत असतील तर गाडीकामाला तीच घ्यावी.

वायरीत कंजुषी नको. बोर्डापासून मशीन लांब असेल तर चार स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि चांगलं अर्थिंग हवं. एक्स्टेन्शनची गुंडाळी पूर्ण सोडायची, गुंडाळलेली वायर आतल्या आत तापते. आकडा टाकून मशीन चालवणं तर चोरीच. आणि घरगुती मीटरवर लोकांची कामं घेऊन धंदा केला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दंडाची आकारणी होऊ शकते. धंदाच करायचा तर वेगळं कनेक्शन घ्या.

गाडीला काडी लावण्याआधी बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा. नाहीतर अल्टरनेटर किंवा इलेक्ट्रॉनिक बॉक्स जाऊ शकतो आणि त्याचा खर्च मशीनपेक्षा जास्त. अर्थिंगची क्लिप जोडाच्या अगदी जवळ लावायची, मध्ये बेअरिंग येता कामा नये. चेसिस, स्टिअरिंग, एक्सल आणि ट्रॉलीचा हूक या कामांना घरच्या मशीनचा हात लावू नये, ती जाणत्या कारागिराकडंच द्यावीत. डिझेल-पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, तिला तर अजिबात नाही.