रद्दीतला लंकापती

महिनाअखेरीस वसईजवळच्या पापडीतल्या घरातून वर्तमानपत्रांचा गठ्ठा रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतो आणि विसरला जातो. पालघर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात, असाच कागद भिजतो, कुटला जातो आणि लंकेचा राजा होऊन नाचतो.

बोहाडा म्हणजे मुखवटे बांधून देव-दानवांची सोंगं नाचवण्याचा इथला उत्सव. त्यातले मुखवटे पूर्वी लाकडाचे कोरत. लाकूड जड, ते डोक्याला बांधून संबळाच्या ठेक्यावर नाचायचं म्हणजे मानेची परीक्षाच. कागदाचा लगदा हलका. जुने कागद फाडून पाण्यात मुरवायचे, पार मऊ झाले की कुटायचे, त्यात चिकटपणासाठी खळ मिसळायची. मातीच्या साच्यावर तो थर देऊन उन्हात वाळवला, की चेहरा सुटा होतो. मग पांढरा हात, आणि त्यावर रंग.

खरी कला इथून पुढे. राजाच्या तैलचित्राला समोर बसलेला राजा लागतो. रावणाला कुणी पाहिलेलं नाही, म्हणून कारागीर त्याचा स्वभाव घडवतो. बाहेर आलेले बटबटीत डोळे, रुंद नाक, भरघोस मिशा, मुकुट आणि दोन्ही बाजूंना ओळीने बसवलेली लहान डोकी. दिवसाउजेडी हे सारं भडक वाटेल. पण बोहाडा रात्रीचा, होळीनंतरच्या उन्हाळ्यातला. टेंभ्याची ज्योत हलली की नाकाची सावली गालावरून सरकते आणि रंगवलेला चेहरा रागावल्यासारखा दिसतो. सोंग तोंडाने फारसं काही बोलत नाही. जे सांगायचं ते मुखवटा आणि पावलं सांगतात. अशा राजचित्राला भिंतीवरची चौकट पुरणार नाही.

आणि हे घडतं ते खऱ्या राजांच्या मुलखात! जव्हार हे महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याचं संस्थान; ते १९४८ साली विलीन झालं. बोहाड्यात मात्र गणपती, सरस्वतीपासून नरसिंह, रावणापर्यंत देव-दानवांचा सारा दरबार आजही गावाच्या वाटेवर उतरतो. पुष्कळ गावांत ठरावीक सोंगाचा मान ठरावीक घराकडे असतो.

काश्मीरमध्येही कागदाच्या लगद्यापासून नाजूक नक्षीचे डबे आणि फुलदाण्या घडतात. त्यांचं कौतुक जगभर होतं. जव्हारच्या मुखवट्याला मात्र नाचणाऱ्याचा घाम, धूळ आणि टेंभ्यांचा धूर सोसावा लागतो. म्हणूनच तो जपून ठेवतात. रंग उडाला तर नवा हात देतात, कड फुटली तर पुन्हा थोडा कागद भिजत घालतात.