वेळ चुकू न देणारी लायब्ररी

हवेच्या प्रदूषणाचं मॉडेल चालवायला फक्त मोठा संगणक पुरत नाही. वारा, तापमान, कारखान्यांचा आणि वाहनांचा धूर, हद्दीबाहेरून येणारी हवा यांच्या वेगवेगळ्या फायली लागतात आणि त्या सगळ्यांना एकच तास, एकच जागा बोलावी लागते. हे काम आय/ओ एपीआय नावाची फोरट्रान लायब्ररी करते. कार्ली कोट्स यांनी ती १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात, एमसीएनसी या संस्थेत उभी केली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं सीमॅक हे मॉडेल तिच्याच आधारावर लिहिलं गेलं.

तिची फाईल आतून नेटसीडीएफ या वैज्ञानिक माहिती साठवण्याच्या प्रकारातलीच असते. पण नेटसीडीएफ कशालाही मुभा देतं, ही लायब्ररी देत नाही, आणि मला तिचा मोठेपणा इथंच वाटतो. चलाचं नाव १६ अक्षरांत बसलं पाहिजे आणि सोबत एकक हवं. तारीख लिहायची ती वर्ष आणि वर्षातला कितवा दिवस अशी: १ मार्च २०२३ म्हणजे २०२३०६०, पण लीप वर्ष असल्यानं १ मार्च २०२४ म्हणजे २०२४०६१. मॉडेल ज्या चौकटींच्या जाळीवर चालतं तिचा उगमबिंदू, चौकटीची लांबी-रुंदी, नकाशाचं प्रक्षेपण हे सगळं फाईलच्या माथ्यावर नोंदलेलं असतं. अमेरिकेसाठी नेहमी वापरली जाणारी १२ किलोमीटरची एक जाळी ४५९ स्तंभ आणि २९९ ओळींची आहे. तिच्यातली एक ओळ सरकली तरी धूर भलत्याच गावावर पडेल.

हवामानाची फाईल बहुधा तासातासाची असते, मॉडेलमधल्या रासायनिक गणिताची पावलं मात्र काही मिनिटांची. इंटर्प३ या फंक्शनला हवा तो क्षण सांगितला की ते अलीकडची आणि पलीकडची नोंद घेऊन मधलं मूल्य काढून देतं. मॉडेल लिहिणाऱ्याला त्यासाठी वेगळा कोड लिहावा लागत नाही.

अनेक संगणकांच्या क्लस्टरवर या लायब्ररीचा आणखी एक गुण कळतो. प्रोग्रामच्या आत फाईलचा खरा पत्ता नसतोच, असतं ते एक तार्किक नाव. तिथं जॉब रांगेत लावणाऱ्या स्लर्मला दिलेल्या स्क्रिप्टमध्ये त्या नावासमोर पत्ता लिहायचा, की तोच प्रोग्राम जानेवारीसाठीही चालतो आणि जुलैसाठीही. पत्त्यानंतर एक मोकळी जागा सोडून उणेचिन्ह आणि ‘व्ही’ हे इंग्रजी अक्षर जोडलं, तर प्रत्येक लेखनानंतर फाईल डिस्कवर पक्की होते. मुदत संपून जॉब मध्येच थांबला, तरी तोवरचे तास वाचता येतात. लांब जॉबला मी हे जोडायलाच सांगेन.

बांधणी मात्र चिकाटी मागते. नेटसीडीएफ ज्या कंपायलरने बांधलं, त्यानेच ही लायब्ररी आणि मॉडेल बांधावं, कारण फोरट्रानच्या मॉड्यूल फायली एका कंपायलरच्या दुसऱ्याला चालत नाहीत. लिंक करताना क्रमही पाळावा लागतो: आधी आय/ओ एपीआय, मग नेटसीडीएफची फोरट्रान बाजू, शेवटी सी बाजू.

नवा कंपायलर आला की जुन्या आणि नव्या बांधणीवर एकाच दिवसाचं मॉडेल चालवून दोन्ही फायली एम३डिफ या फरक काढणाऱ्या प्रोग्रामला द्याव्यात. शेवटच्या दशांशात थोडा फरक येणारच. तो ठरावीक चौकटींत साठत गेला किंवा तासागणिक वाढत गेला, तर पुढचं वर्षभराचं गणित तिथंच थांबवून कारण शोधावं.