पोट बिघडलंय, की गोचीड चावलीय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड नेहमीप्रमाणे लेखी. बोलताना आलेले अं-आं काढलेत, बाकी तसंच ठेवलंय. आणि आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरतो. पण मामाच्या आजारपणात रिपोर्टच्या पीडीएफ माझ्या व्हॉट्सॲपवर येत होत्या, आणि तेव्हा जे शिकलो ते आज सांगायचंय.

मामा दोडामार्गकडचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज काजू गोळा करायला रानात. एका रात्री अचानक कडक ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंगदुखी, आणि दुसऱ्या दिवसापासून उलट्या-जुलाब. मामी फोनवर म्हणाली, "काय खाल्लां तरी पोटात रवना नाय रे." सगळ्यांचं लक्ष पोटावरच गेलं. आदल्या दिवशी लग्नात जेवला होता, म्हणजे तेच बाधलं असणार. पित्ताच्या गोळ्या, ओआरएस, एक सलाइन. तिसऱ्या दिवशी विडाल टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली. झालं, टायफॉइड! अँटिबायोटिक सुरू.

इथे जरा थांबू, कारण या विडालबद्दल आपल्याकडे फार गैरसमज आहेत. ही टेस्ट टायफॉइडचा जंतू शोधत नाही. त्याच्याविरुद्ध शरीरात तयार झालेल्या अँटिबॉडी मोजते. आपल्या देशात टायफॉइड इतका पसरलेला आहे की कधीतरी होऊन गेलेला संसर्ग, घेतलेली लस किंवा भलताच ताप यांमुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. टायफॉइडची खात्री करायची तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर करायला हवं. ते झालंच नव्हतं.

पाचव्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट ६२ हजार. आता सगळे म्हणाले डेंग्यू. डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह. मी इकडे पुण्यात लॅपटॉप उघडा ठेवून बसलेलो, मीटिंग म्यूटवर. सरकारी रुग्णालयात हलवलं तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "काका, रानात जाता का? आसपास माकडं मेलेली दिसली का?" मामीला आठवलं, पंधरा दिवसांपूर्वी बागेच्या वरच्या अंगाला एक मेलेलं माकड पडलं होतं. चार दिवसांत हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, आणि आम्हीही सांगितलं नव्हतं.

रिपोर्ट आला, माकडताप. शास्त्रीय नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, थोडक्यात केएफडी. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलाजवळ माकडं मरायला लागली, माणसं तापाने फणफणायला लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने, हा विषाणू शोधला. पुढे तो सह्याद्रीच्या कडेने सरकत आला. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीत रुग्ण सापडले, २०१६ मध्ये दोडामार्गात साथ आली. नाव माकडताप असलं तरी माणसाला तो देते गोचीड. माकडंही बिचारी त्याच विषाणूने मरतात, आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी आसपास पसरतात. माणसाकडून माणसाला हा होत नाही.

गोचिडीची पिल्लं टाचणीच्या डोक्याएवढी असतात. चावलेलं बहुतेकांना कळतही नाही. मामा ठाम होता, "माका काय चावलां नाय." त्यामुळे 'चावलं का?' पेक्षा 'कुठे गेला होतात, कधी?' हा प्रश्न जास्त कामाचा. चावल्यानंतर साधारण ३ ते ८ दिवसांत ताप येतो.

आता टेस्टचं बघू. आम्ही डेव्हलपर लोक लॉग बघताना आधी टाइमस्टॅम्प बघतो, इथेही तसंच आहे. तापाच्या पहिल्या काही दिवसांत विषाणू रक्तात असतो, तेव्हा आरटी-पीसीआर उपयोगी. पाचव्या दिवसाच्या आसपास अँटिबॉडी दिसू लागतात, तेव्हापासून आयजीएम एलायझा. चुकीच्या दिवशी चुकीची टेस्ट केली तर निगेटिव्ह येईल, आणि त्या निगेटिव्हला काही अर्थ नसेल. म्हणून ताप नेमका कुठल्या तारखेला सुरू झाला हे लिहून ठेवा. गल्लीतल्या लॅबच्या रेटकार्डावर ही टेस्ट सहसा नसतेच. नमुना सरकारी यंत्रणेमार्फत, थंड ठेवून, ठरावीक प्रयोगशाळेत जातो. त्यामुळे अशा भागात तापासोबत उलट्या-जुलाब असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन "केएफडीसाठी रक्त पाठवता का?" असं सरळ विचारायला लाजू नका.

कोणी म्हणेल, केएफडीवर नेमकं औषध नाही, मग टेस्ट कशाला? कारण निदान कळलं की रक्तस्रावावर आणि पाण्याच्या प्रमाणावर नीट लक्ष ठेवता येतं, नको ती अँटिबायोटिक आणि रक्तस्राव वाढवू शकणाऱ्या वेदनाशामक गोळ्या थांबतात, आणि गावात बाकीच्यांना सावध करता येतं. शिवाय गोचिडीमुळे होणारा दुसरा एक आजार, टिक टायफस, सुरुवातीला असाच दिसतो. ताप, पोटदुखी, उलट्या, मग अंगावर पुरळ, कधी तळहात-तळपायांवरही. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध चांगलं लागू पडतं. त्यात संशय पक्का असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता ते सुरू करतात. उशीर झाला तर जिवावर बेततं.

आता मागच्या आठवड्यात आलेला एक व्हॉइस मेसेज. "दादा, माझं पोट दोन वर्षं बिघडलेलं आहे, ऑनलाइन टिक पॅनेल मागवू का?" मित्रा, ताप नाही, रानात जाणं नाही, राहतोस हिंजवडीत. नको मागवू. गणित बघ. समजा तुझ्यासारख्या हजार जणांत खरा रुग्ण एकच आहे, आणि टेस्ट निरोगी माणसांपैकी ५ टक्के लोकांना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. म्हणजे पन्नास खोटे पॉझिटिव्ह, खरा एक. त्या पन्नासांत तू सापडलास की महिनोन्‌महिने नको ती औषधं घेत बसशील. त्यापेक्षा पोटाच्या डॉक्टरकडे जा. वजन उतरतंय, शौचातून रक्त जातंय असं असेल तर याच आठवड्यात जा.

मामाचं पुढे काय झालं? दहाव्या दिवशी ताप उतरला, पण डॉक्टरबाईंनी सोडताना बजावलं. १० ते २० टक्के रुग्णांना मधे काही दिवस बरं वाटून पुन्हा ताप येतो, मान ताठरते, हात कापतात, बोलणं असंबद्ध होतं. पुढचे पंधरा दिवस मी रोज रात्री व्हिडिओ कॉल करून त्याला चहाचा कप हातात धरून दाखवायला लावायचो. सोळाव्या दिवशी तो वैतागला आणि म्हणाला, "आता पुरे, काजू कोण गोळा करतलो?" आता रानात जाताना लांब बाह्यांचा शर्ट घालतो, आरोग्य सेविकेने दिलेलं तेल लावतो आणि आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करतो. तेलाच्या वासावरून कुरकुर मात्र रोजची.