दूरध्वनीच्या एरिया कोडचे विभाजन



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्या गुरुजींच्या निधनाची वार्ता १९९८ साली माजी विद्यार्थ्यांना कळविण्याचे काम माझ्याकडे आले होते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील एडिसन येथे राहणाऱ्या एका वर्गबंधूस मी गोकुळ रोडवरील बूथमधून तीन वेळा फोन लावला. वहीतील क्रमांक त्याच्याच हस्ताक्षरातला होता, एरिया कोड ९०८. तिन्ही वेळा एका बाईंचा ध्वनिमुद्रित इंग्रजी आवाज ऐकू आला. त्यातले मला काही उमगले नाही. अखेर पत्र धाडले. ते पोहोचेपर्यंत इकडे शोकसभाही होऊन गेली होती. त्याचे उत्तर आले ते असे: घर तेच, सात आकडेही तेच, कोड तेवढा १९९७ च्या जूनपासून ७३२ झाला आहे!

हे असे का व्हावे, याचा मी पुढे शोध घेतला. १९४७ साली कोड ठरले तेव्हा संपूर्ण न्यू जर्सी राज्यास २०१ हा एकच कोड मिळाला होता. कोडच्या पुढे स्थानिक क्रमांक सात आकड्यांचा. त्याचा पहिला आकडा शून्य वा एक असत नाही. म्हणजे एका कोडात ऐंशी लाखांहून कमीच क्रमांक बसतात. ही संख्या लहान नव्हे. परंतु क्रमांक सुटे न देता दहा-दहा हजारांच्या गठ्ठ्यांनी प्रत्येक एक्स्चेंजला दिले जात. १९९६ च्या कायद्याने स्थानिक सेवेत नव्या कंपन्या आल्या, आणि गावोगावी प्रत्येकीस आपला गठ्ठा हवा झाला. गठ्ठ्यातले हजारच वापरले, तरी उरलेले नऊ हजार अडकून पडत. त्यात फॅक्स, पेजर आणि मोबाइल यांची भर पडली. तुटवडा होता तो क्रमांकांचा नव्हे, गठ्ठ्यांचा.

उपाय म्हणून प्रदेशाचे दोन भाग करीत. एक जुना कोड राखी, दुसरा नवा घेई. १९५८ मध्ये राज्याच्या दक्षिण भागास ६०९ आणि १९९१ मध्ये मध्य भागास ९०८ मिळाला. १९९७ मध्ये त्या ९०८ मधूनही ७३२ निघाला आणि एडिसन त्यात गेले. १९९५ पर्यंत कोडचा मधला आकडा शून्य वा एकच असे. तो नियम सुटला म्हणूनच ७३२ शक्य झाला. काही महिने दोन्ही कोड चालत, त्यानंतर जुन्यावर केवळ सूचना ऐकू येई. ती ऐकणारा सातासमुद्रापलीकडचा असू शकतो, याचा विचार झालेला मला तरी दिसला नाही. पुढे २००१ मध्ये मात्र विभाजन टाळून ७३२ च्याच प्रदेशावर ८४८ हा दुसरा कोड घातला गेला. त्यामुळे जुने क्रमांक वाचले. शेजाऱ्यास फोन करतानाही दहा आकडे फिरविणे आले.

आपल्याकडे निराळी वाट धरली गेली. कोड न तोडता स्थानिक क्रमांकच लांबविला, आणि शून्य वगळून कोड व क्रमांक मिळून दहा आकडे ठरले. हुबळी आणि धारवाड यांत सुमारे वीस किलोमीटरांचे अंतर, तरी दोहोंचा ०८३६ हा कोड एकच राहिला. स्थानिक क्रमांक सात आकडी झाला. पुण्यात तर कोडच आखूड होऊन ०२१२ चा ०२० झाला, तेव्हा तेथे आठ आकड्यांना जागा मिळाली. एक आकडा वाढला की क्रमांकांची जागा दसपट होते.

शाळेच्या नोंदवहीत काही पुणेकरांच्या नावापुढे अद्याप ०२१२ आहे, अमेरिकेतील काहींच्या पुढे ९०८. व्याख्यानानंतर ती वही कार्यालयात उघडी ठेवली जाईल. ज्यांना त्या मंडळींचे आजचे क्रमांक ठाऊक असतील, त्यांनी ते कृपया लिहून जावे.